परवाना मिळाला, आता पुढे? पहिला रिग, बिघाड आणि मोठं फॉर्मेशन

स्कायडायव्हिंगचा एएफएफ कोर्स (प्रशिक्षकांबरोबर उडी मारून फ्रीफॉल, म्हणजे पॅराशूट उघडण्याआधीचं पडणं, शिकायचा) संपतो, २५ उड्या भरतात, परीक्षेची उडी होते आणि 'ए', म्हणजे पहिल्या पातळीच्या, परवान्याचा शिक्का बसतो. अमेरिकेत बऱ्याच ड्रॉपझोनवर (उड्या मारायच्या मैदानावर) तो कागदाबरोबर कपाळावरही मारतात. दुसऱ्या दिवशी सकाळी लक्षात येतं की आता मागे प्रशिक्षक उभा नाही. कुठला रिग (पाठीवर बांधायचा पॅराशूटचा संच) उचलायचा, कुणाबरोबर उडी मारायची, उघडलेलं पॅराशूट ठेवायचं की सोडायचं, सगळं आपणच ठरवायचं. मी कॅलिफोर्नियात पेरिसला शिकले (फ्रान्सचं नव्हे, लॉस एंजेलिसपासून दीडेक तासावरचं). तेव्हा मला पडलेले प्रश्न आता नव्याने परवाना घेतलेली मराठी मुलंमुली मला विचारतात, म्हणून एकदाचं लिहून काढते आहे.

भारतात टँडम उडी (प्रशिक्षकाला बांधून मारलेली) ठरावीक ठिकाणी मिळते. परवान्यापर्यंत शिकायला मात्र माझ्या पाहण्यातले बहुतेकजण थायलंड, दुबई, स्पेन किंवा अमेरिकेला गेले. खालचे आकडे अमेरिकन संघटनेचे, म्हणजे यूएसपीएचे आहेत. दुसरीकडे उडी मारणार असाल तर तिथले आकडे विचारून घ्या. आणि आणीबाणीची कृती लेख वाचून येत नाही. ती टांगलेल्या हार्नेसमध्ये (अंगाला बांधायच्या पट्ट्यांमध्ये) लटकून, हात आपोआप हलेपर्यंत घोटायची असते.

नवे लोक दिवसभर उपकरणांबद्दल बोलतात: कुठला कंटेनर, कुठलं हेल्मेट, कुठला रंग. माझ्या मते विचारायचा प्रश्न एकच असतो, या वस्तूमुळे माझी किती उंची वाचते किंवा खर्च होते. पोट खाली ठेवून पडताना वेग ताशी १९० ते २०० किलोमीटरच्या आसपास असतो, म्हणजे १,००० फूट साधारण साडेपाच सेकंदांत संपतात. पुढचं सगळं हा आकडा मनात ठेवून वाचा.

१. कागदपत्रं एका पाकिटात ठेवा

कुठल्याही नव्या ड्रॉपझोनवर मॅनिफेस्टच्या (विमानात कोण कधी जाणार ते नोंदवणाऱ्यांच्या) खिडकीशी हे मागतात:

– यूएसपीएचं किंवा तुमच्या देशाच्या संघटनेचं चालू सभासदत्व
– परवाना आणि सह्या असलेलं लॉगबुक
– रिझर्व्हचं (राखीव पॅराशूटचं) डेटा कार्ड: शेवटची घडी कधी, कोणत्या रिगरने (पॅराशूट भरणाऱ्या आणि तपासणाऱ्या तंत्रज्ञाने) घातली
– एएडीच्या (गरज पडल्यास रिझर्व्ह आपोआप उघडणाऱ्या यंत्राच्या) निर्मितीची तारीख आणि सर्व्हिसची नोंद
– ओळखपत्र, परदेशात असाल तर पासपोर्ट
– जोखमीच्या फॉर्मवर सही (अनेक पानं असतात, वाचायला वेळ ठेवा)

यात तीन ठिकाणी लोक अडकतात. पहिलं, यूएसपीएच्या सभासदत्वात मिळणारा विमा तुमच्यामुळे दुसऱ्याच्या मालाला किंवा शरीराला झालेल्या इजेचा असतो. तुमच्या मोडलेल्या घोट्याचं बिल तो देत नाही. प्रवासविम्यातही स्कायडायव्हिंग बहुधा वगळलेलं असतं, अटी तपासा. दुसरं, अमेरिकेत रिझर्व्हची घडी १८० दिवसांपर्यंतच चालते, वापरलेलं असो वा नसो. १८१ व्या दिवशी तुम्ही जमिनीवर. तिसरं, 'ए' परवानाधारकाने ६० दिवसांत उडी मारली नसेल तर आधी प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली उजळणीची उडी मारायची असते. दिवाळीला घरी जाऊन, लग्नंबिग्नं उरकून परत येणाऱ्यांचं हे हमखास होतं.

२. रिग ओळखा, मग पैसे काढा

पाठीवरच्या कंटेनरमध्ये दोन पॅराशूट असतात: खालच्या कप्प्यात मेन (मुख्य), वरच्यात रिझर्व्ह. दोन्ही चौकोनी, कप्प्याकप्प्यांची, समोरून हवा भरून पंखासारखी फुगणारी. हा आकार १९६० च्या दशकात डोमिना जॅल्बर्ट या पतंग आणि फुगे बनवणाऱ्या माणसाने काढला. मेन तुम्ही स्वतः भरू शकता. रिझर्व्ह फक्त परवानाधारक रिगर भरतो आणि त्यावर सील लावतो.

हँडल तीन. कंटेनरच्या तळाशी उजवीकडे पायलट च्यूटचं (मेनला बाहेर खेचणाऱ्या छोट्या पॅराशूटचं) हँडल, उजव्या छातीशी कटअवे (बिघडलेलं मेन सोडून देण्याचं), डाव्या छातीशी रिझर्व्ह. भाड्याचा रिग बदलला की ही हँडलं दोन बोटं इकडेतिकडे सरकतात, कधी मऊ गादीऐवजी धातूची कडी येते. म्हणून दर नव्या रिगमध्ये, अंगावर पट्टे आवळल्यावर, डोळ्यांनी पाहून तिन्हींना हात लावायचा.

खांद्याशी तीन कड्या एकात एक अडकवलेल्या दिसतात. ही बिल बूथ यांची १९७० च्या दशकातली रचना. प्रत्येक कडी तरफेसारखी ताण कमी करते, त्यामुळे शरीराचं सगळं वजन लटकत असतानाही कटअवेचं हँडल हाताच्या साध्या ओढीने सुटतं. तिची निगा सोपी असूनही दुर्लक्षित राहते: महिन्यातून एकदा जमिनीवर कड्या सोडून रायझरचे (हार्नेसपासून दोऱ्यांपर्यंत जाणारे) पट्टे वळवून मऊ करायचे, कटअवे हँडलची पिवळी केबल पुसायची, कड्या परत अडकवायच्या. पहिल्यांदा रिगरसमोर करा.

एएडी हे आपोआप चालणारं यंत्र. सर्वांत जास्त ऐकू येणारं नाव सायप्रस, जर्मनीच्या एअरटेक कंपनीचं, १९९१ पासूनचं. त्याचं एक्स्पर्ट मॉडेल साधारण ७५० फुटांवर तुम्ही सेकंदाला ३५ मीटरपेक्षा वेगाने पडत असाल तरच रिझर्व्ह बंद ठेवणारी दोरी कापतं. अर्धवट उघडलेल्या मेनखाली तुम्ही त्याहून हळू, पण मोडतोड होण्याइतक्या वेगाने खाली येत असाल तर ते गप्प बसेल. आणि मेन ते कधीच सोडत नाही, ते काम तुमचं.

आरएसएल ही मेनच्या रायझरपासून रिझर्व्हच्या पिनपर्यंत जाणारी पट्टी. कटअवे केला की निघून जाणारं मेन रिझर्व्हची पिन ओढतं. स्कायहुकसारख्या रचनेत ते त्यापुढे जाऊन रिझर्व्हच बाहेर खेचतं, आणि कमी उंचीत उघडतं. नवख्याने ही पट्टी जोडलेलीच ठेवावी. "अनुभवी लोक काढून टाकतात" असं कुणी सांगितलं तर त्यांना त्यांची कारणं असतात, तुम्हाला नाहीत.

आता खरेदी. मापाचा हिशोब असा: तुमचं वजन अधिक उपकरणं, पौंडांत, भागिले पॅराशूटचे चौरस फूट. ७५ किलोची व्यक्ती म्हणजे साधारण १६५ पौंड, त्यात २५ पौंडांचा रिग आणि कपडे मिळवले की १९०. १९० चौरस फुटांच्या मेनवर गुणोत्तर १ येतं. पहिल्या रिगला १ च्या वर जाऊ नका. विकणारा मित्र सांगेल, "१७० घे, चार महिन्यांत तसंही लहान घ्यावंच लागेल." लहान पॅराशूट वेगाने वळतं, वेगाने उतरतं, आणि दोऱ्यांना पीळ पडला तर गरगरायला लागतं. त्या मित्राला नमस्कार करा.

नवा पूर्ण रिग काही हजार डॉलरला जातो आणि बनून यायला महिने लागतात, त्यामुळे पहिला रिग बहुधा जुनाच घेतला जातो. जुना घेताना पैसे देण्याआधी तो तुमच्या रिगरच्या टेबलावर उघडून घ्या. किती उड्या झाल्या, दोऱ्या कधी बदलल्या, रिझर्व्ह किती वेळा वापरलं, एएडीचं आयुष्य किती उरलं, हे लिहून मागा. आणि हार्नेस अंगाला बसतो का ते लटकून पाहा. ढिल्या हार्नेसमध्ये पॅराशूट उघडताच छातीचा पट्टा वर सरकतो आणि हँडलं जिथे घोटली होती तिथे नसतात.

बाकी सामान: मनगटावरचा अल्टिमीटर (उंचीमापक), कानाशी बीप देणारा दुसरा अल्टिमीटर, कडक हेल्मेट, गॉगल, घोट्याला आधार देणारे बूट, अंगाबरोबर बसणारा जंपसूट. कॅमेरा नको. यूएसपीए 'सी' परवान्याआधी, म्हणजे २०० उड्यांआधी कॅमेरा लावू नका म्हणते, आणि इथे मी पूर्ण त्यांच्या बाजूने आहे. घरचे फोटो मागतात हे मान्य, कॅमेरावाल्याला पैसे द्या.

कपड्यांवरून आठवलं. पुण्याच्या पद्मश्री शीतल महाजन यांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये थायलंडमध्ये पट्टायाला नऊवारी नेसून उडी मारली होती. तो व्हिडिओ पाहून "मीपण साडीत" असं विचारणाऱ्या मैत्रिणी मला भेटतात. महाजन यांच्यामागे तेव्हा उत्तर ध्रुवापासून अंटार्क्टिकापर्यंतच्या उड्यांचा अनुभव होता. नवखीच्या अंगावर जे काही फडफडेल ते हँडल झाकू शकतं किंवा पायलट च्यूटला अडकू शकतं. ओढणी, सैल हुडी, लांब मोकळी वेणी, सगळं आत.

३. मेनची घडी स्वतः शिका

ड्रॉपझोनवर पॅकरला पैसे देऊन घडी घालून मिळते, आणि दोन लोडच्या (विमानफेऱ्यांच्या) मध्ये ते सोयीचंही असतं. तरी शिका, कारण पुढच्या भागातले बरेच बिघाड जमिनीवर, घडीच्या गालिच्यावर जन्म घेतात. साधनं फारशी लागत नाहीत: जागा, कंटेनर बंद करायची दोरी, सुटे रबरबँड आणि गुडघ्यांना सहनशक्ती.

क्रम शिकवणारा दाखवेलच. मी फक्त कुठे डोकं जागं ठेवायचं ते सांगते. ब्रेकच्या दोऱ्या अडकवल्या का? चारही रायझरपासून दोऱ्या सरळ वर जातात का, कुठे कंटेनरच्या आतून फेरा पडला नाही ना? स्लायडर थेट वर, थांबे लागेपर्यंत नेला का? हा चौकोनी कापडाचा तुकडा उघडण्याचा वेग आवरतो. तो खाली राहिला तर पॅराशूट असं धाडकन उघडेल की मान आठवडाभर दुखेल. दोऱ्या मध्यभागी, कापड बाहेर. कापड पुढून मागे जाताना एखादी दोरी त्याला वळसा घालून गेली की तेच पुढे 'लाइन ओव्हर' म्हणून भेटतं.

सर्वांत जास्त विसरली जाणारी गोष्ट म्हणजे पायलट च्यूट 'कॉक' करणं. उघडून झाल्यावर मिटणारं पायलट च्यूट पुन्हा ताणून ठेवलं नाही तर पुढच्या उडीत ते हवेत नुसतं चिंधीसारखं मागे लटकेल. ब्रायडलवर (पायलट च्यूट मेनला जोडणाऱ्या पट्टीवर) छोटी खिडकी असते, तीत रंग दिसला पाहिजे. मग कंटेनर बंद ठेवणारी पिन, मग ब्रायडलचा मार्ग. ब्रायडल चुकीच्या फ्लॅपखालून गेली तर पिन निघणार नाही.

नवा पॅकर रबरबँड दोनदा गुंडाळतो, घट्ट दिसतं म्हणून. काही दोऱ्यांना दुहेरी चालतो, काहींना नाही. हाही प्रश्न रिगरचा.

४. तीनदा तपासणी

अंगावर चढवण्याआधी, विमानात चढण्याआधी, दार उघडण्याआधी. तपासायला तीनतीनचे गट लक्षात ठेवा: दोन्ही खांद्यांवर तीन कड्या, तीन पट्टे (छाती आणि दोन मांड्या), तीन हँडलं. पाठीवरच्या पिना दुसऱ्याने पाहायच्या. लाजू नका. पिन तपासून दे म्हटल्यावर कुणी नाही म्हणत नाही.

एएडी ड्रॉपझोनच्या जमिनीवर सुरू करायचं. ते चालू होताना जिथे असतं ती जमीन शून्य धरतं. हॉटेलात चालू करून डोंगर उतरून तासभर गाडी चालवून आलात तर बंद करून परत सुरू करा. अल्टिमीटरचंही तेच. आणि विमानाच्या दाराशी सरकताना पाठ कशाला घासू देऊ नका. पायलट च्यूटचं हँडल तिथेच बाहेर डोकावत असतं.

५. उघडल्यावर: ठेवायचं की सोडायचं

'ए' परवानाधारकाने ३,००० फुटांच्या खाली मेन उघडू नये. २,५०० फुटांवर निर्णय झालेला असावा. १,००० फुटांखाली कटअवे करू नये. हे तीन आकडे. फ्रीफॉलमध्ये ३,००० फूट म्हणजे जमिनीपासून १६-१७ सेकंद, त्यातले तीन-चार उघडण्यातच जातात. म्हणून विचार विमानात बसून करून ठेवायचा. वर फक्त आकडा पाहून हात चालवायचे.

मेन उघडलं की तीन प्रश्न: आकार चौकोनी आहे का, स्थिर आहे का, वळतं आणि ब्रेक घेतं का. तिन्हींना होकार असेल तर ते तुमचं.

आधी त्रासदायक पण बहुधा सुटणाऱ्या गोष्टी. टोकाचे कप्पे मिटलेले: ब्रेक खाली ओढून धरा. स्लायडर मध्येच अडकलेला: ब्रेक किंवा मागचे रायझर ओढून सोडा. दोऱ्यांना पीळ: रायझर बाजूला ताणून धरा, उलट दिशेला लाथा मारा. पॅराशूट शांत सरळ उडत असेल तर पीळ सुटायला वेळ असतो. ते गोल फिरत खाली झेपावत असेल तर नसतो. एखादी ब्रेकची दोरी तुटली तर मागच्या रायझरने उतरता येतं, पण ते आधी भरपूर उंचीवर करून पाहिलेलं असेल तरच. या सगळ्यांशी झुंजायची मर्यादा एकच, २,५००. अल्टिमीटर पाहिल्याशिवाय दुसरी लाथ मारायची नाही.

आता गंभीर प्रकार.

हँडल सापडत नाही किंवा निघत नाही. दोन प्रयत्न, तेवढेच, मग रिझर्व्ह. तिसरा प्रयत्न करावासा वाटतोच. तो उंची खातो.

पायलट च्यूट मागे लटकलंय, पण कंटेनर बंद. इथे दोन मतं आहेत: थेट रिझर्व्ह ओढा, किंवा आधी कटअवे मग रिझर्व्ह. दोन्ही बाजूंना जाणते लोक आहेत. तुमच्या प्रशिक्षकाबरोबर आणि तुमच्या रिगच्या रचनेप्रमाणे एक पद्धत निवडा आणि वर गेल्यावर वाद घालू नका.

बॅग लॉक: मेनची घडी असलेली बॅग बाहेर आली, दोऱ्या ताणल्या, बॅग उघडत नाही. कटअवे, रिझर्व्ह. स्ट्रीमर, म्हणजे पॅराशूट काकडीसारखं लांब, फुगत नाही: तेच. लाइन ओव्हर, म्हणजे कापडावरून दोरी जाऊन मध्ये चिमटलेलं आणि गरगर: तेच.

हॉर्सशू सर्वांत वाईट. मेन बाहेर निघालंय, पण कुठेतरी अडकलंय, बहुधा पायलट च्यूट अजून खिशातच आहे. हात जात असेल तर ते फेका. नसेल तर कटअवे आणि रिझर्व्ह, आणि रिझर्व्हला मोकळी वाट मिळेल अशी आशा. जीर्ण झालेला पायलट च्यूटचा खिसा हे याचं नेहमीचं कारण. खिसा बदलणं स्वस्त आहे.

कटअवेची कृती अशी घोटा: मान वाकवून उजवं हँडल पाहा, धरा. डावं हँडल पाहा. शरीर कमानीत. उजवं हँडल गादीपासून सोलून पूर्ण हात लांब होईपर्यंत ओढा. मग डावं, पूर्ण. आरएसएलने रिझर्व्ह आधीच उघडलं असेल तरी डावं ओढायचंच. पाहणं यासाठी, की घाईत हात हार्नेसच्या पट्ट्याला धरून ओढत बसतो. काहीजण एकेक हँडल एकेका हाताने, काहीजण दोन्ही हातांनी एक हँडल शिकतात. शिकलात ते बदलू नका.

१,००० फुटांच्या खाली असाल आणि मेन उतरण्याजोगं नसेल तर कटअवे न करता रिझर्व्ह बाहेर काढा. डोक्यावर जितकं कापड मिळेल तितकं हवं.

दोन्ही पॅराशूट एकाच वेळी बाहेर येणं हे बहुधा उशिरा ओढण्यातून होतं: तुम्ही मेन उघडता आणि त्याच क्षणी एएडी आपलं काम करतं. दोन्ही एकामागे एक असतील तर कटअवे नको. पुढच्याने हळुवार दिशा द्या आणि उतरताना ब्रेक मारू नका. शेजारीशेजारी असतील तर ती दूर जातायत का यावर लक्ष ठेवा, आणि काय करायचं ते प्रशिक्षकाशी आधी ठरवून ठेवा. दोन्ही जमिनीकडे तोंड करून एकमेकांपासून लांब ओढू लागली तर मेन सोडा.

६. चांगलं पॅराशूट आणि वाईट वळण

हा भाग छोटा आहे पण वगळू नका. या खेळात अनेक गंभीर अपघात पूर्ण उघडलेल्या, धडधाकट पॅराशूटखाली, जमिनीजवळ घेतलेल्या तीव्र वळणाने होतात. वळताना पॅराशूट झेपावतं आणि सरळ व्हायला उंची उरत नाही. साधारण १,००० फुटांवर वाऱ्याबरोबर, ६०० ला आडवं, ३०० ला वाऱ्याच्या तोंडी, आणि मग वळण नाही. अडथळा दिसला तर ब्रेकमध्ये सपाट, हलकं वळण. ते शिकवून घ्या. वाऱ्याच्या दिशेने उतरून कपडे मातीत मळले तर मळले.

७. मोठ्या फॉर्मेशनकडे, पण जिने चढत

८ फेब्रुवारी २००६ रोजी थायलंडमध्ये उदोन थानी इथे ४०० जणांनी फ्रीफॉलमध्ये एकमेकांना धरून फॉर्मेशन केलं. थायलंडच्या हवाई दलाची पाच सी-१३० विमानं, वीस हजार फुटांहून बऱ्याच वरून उडी, आणि पूर्ण आकृती टिकली ४.२५ सेकंद. त्याआधी २००४ मध्ये थायलंडमध्येच ताखली इथे ३५७ जणांची झाली होती. २००९ मध्ये पेरिसला १८१ बायकांची झाली. विक्रमाचा नियम कडक: आकृती आधी कागदावर जाहीर करायची आणि प्रत्येकाने आपल्याच जागी, ठरलेलीच पकड धरलेली हवी. चारशेंपैकी एकाने चुकीचा पाय धरला तर ती उडी नुसतीच सुंदर उडी.

तिथवर जायचा रस्ता दोघांच्या उडीपासून सुरू होतो. दोन, चार, आठ, मग सोळा-वीस. मग बिग-वे (मोठ्या फॉर्मेशनचे) कॅम्प. पेरिसला, ॲरिझोनात एलॉयला असे कॅम्प होतात आणि कॅप्टन तुमच्या लहान उड्यांचे व्हिडिओ मागतात. कृत्रिम वाऱ्याच्या बोगद्यात वेळ घाला, पडण्याचा वेग आवरायला त्यासारखं काही नाही. मात्र शेकडो फूट लांबून येऊन अलगद थांबणं बोगदा शिकवत नाही, तिथे तेवढी जागाच नसते. सर्वांत चांगल्या बोगदेबाजांना पहिल्या बिग-वेत धडपडताना मी पाहिलंय.

लागणारं सामान: बाह्यांवर आणि मांड्यांवर पकडीच्या गुंडाळ्या आणि पायांवर बूटी (बुटांवर येणारं कापड) असलेला सूट, हलक्या व्यक्तींसाठी वजनाचा पट्टा, कानाशी दोन-तीन उंचीवर बीप लावता येणारा अल्टिमीटर. कॅम्पमध्ये विभागाप्रमाणे सूटचा किंवा हेल्मेटवरच्या पट्टीचा रंग ठरवून देतात. तो नीट पाळा, व्हिडिओ पाहताना कॅप्टन तुम्हाला रंगावरून शोधतो.

८. बिग-वेची एक उडी, क्रमाने

जमिनीवर आधी डर्ट डाइव्ह. सगळे आकृतीत चालत येतात, पुन्हा, पुन्हा. कंटाळवाणं वाटतं आणि उन्हात डोकं फिरतं, पण तुमच्या आधी कोण येतो, तुम्ही कुणाचं मनगट किंवा पाय धरता, तुमच्या नजरेच्या रेषेत बेसमधलं (आकृतीच्या मधल्या गटातलं) कोण दिसायला हवं, हे इथेच पाठ होतं. विमानात बसायचा क्रमही इथेच.

विमानं रांगेत उडतात: एक पुढे, बाकीची मागे डावी-उजवीकडे. उंची १५,००० फुटांच्या वर जाणार असेल तर अमेरिकेत ऑक्सिजन सक्तीचा. नाकाशी नळी येते. ती आपल्याला येतेय का हे स्वतः पाहा, शेजाऱ्याचंही पाहा. ऑक्सिजन कमी पडला की आधी माणूस छान, हसरा, बेफिकीर होतो. स्वतःला ते कळत नाही. नळीत बिघाड दिसला तर हात वर करा आणि विमानातूनच खाली या.

बाहेर पडल्यावर दूर असलेले 'डायव्हर' डोकं खाली करून बेसकडे झेपावतात. नव्या लोकांची गडबड इथे होते. ते सरळ आपल्या जागेकडे पूर्ण वेगाने येतात आणि थांबता येत नाही. आपल्या जागेच्या रेषेत, फॉर्मेशनच्या थोडं वर आणि बाहेर, स्टेडियममध्ये बसल्यासारखं थांबायचं असतं. आपल्या आधीचा बसला, की हळूहळू, पातळी जुळवत आत. धावती लोकल पकडणारा जसा आधी गाडीच्या वेगाने धावतो आणि मग दांडा धरतो, तसं. पकड घेताना तुमचा वेग शून्य हवा. तुम्ही आणलेला धक्का पकडीपकडीतून पलीकडच्या टोकाला पोचतो आणि तिकडे कुणाची तरी पकड सुटते.

हात ताणून पकडू नका. जागेवर उडा, पकड आपोआप हाताखाली येते. धरल्यावर शेजाऱ्याकडे पाहू नका, बेसकडे पाहा.

'खाली जाणं' हे बिग-वेतलं सर्वांत मोठं पाप. फॉर्मेशनच्या पातळीखाली गेलात तर वर येणं कठीण. अंग पसरून, छाती आत घेऊन प्रयत्न करा, पण आकृतीच्या बाजूला, कधीही तिच्याखाली नाही. वरून कुणी उघडलेलं पॅराशूट किंवा निसटलेला माणूस तुमच्यावर येऊ शकतो. नाही जमलं तर बाहेरच राहा, ब्रेकऑफला (फॉर्मेशन फुटताना) आपल्या विभागाच्या दिशेने लांब जा. कॅप्टन नाराज होईल. चालेल.

ब्रेकऑफ लाटांमध्ये होतो: सर्वांत बाहेरचे आधी वळून बाहेर ट्रॅक करतात (आडवे वेगाने लांब जातात), मग त्यांच्या आतले, मधले शेवटी. यूएसपीएची शिफारस, सहा किंवा जास्त जणांच्या गटाने सर्वांत उंच ठरलेल्या उघडण्याच्या उंचीपेक्षा किमान २,००० फूट आधी फुटायचं. मोठ्या गटांत त्याहून बरंच वर. तुमची लाट कोणत्या उंचीला आहे ते कानातल्या बीपवर लावा. एक विनंती: 'अजून एक सेकंद धरून ठेवू, आकृती पूर्ण होतेय' असं वाटेल तेव्हा आकृती सोडा. तुमच्या मागची लाट तुम्ही निघालात असं धरून निघते.

ट्रॅक सपाट आणि सरळ, त्रिज्येवर. दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांकडे पाहत जा, त्यांच्या मधोमध राहा. उघडण्याआधी हात हलवून खूण. उघडल्यावर पहिली गोष्ट मागच्या रायझरवर हात, डोळे चौफेर, कारण आता शंभर पॅराशूट एकाच आभाळात आहेत. गोल गिरक्या नाहीत, आपल्या ठरलेल्या शेताकडे सरळ. बिघाड आलाच तर वरचे सगळे आकडे तसेच लागू. गर्दी आहे म्हणून निर्णय लांबवायचा नाही.

९. रिग घेऊन प्रवास

रिग शक्यतो हातातल्या सामानात न्या. एएडीबरोबर क्ष-किरणातलं चित्र दाखवणारं कार्ड मिळतं, ते वरच ठेवा. त्यातल्या दोरी कापणाऱ्या कटरमध्ये अगदी थोडी स्फोटक दारू असते, म्हणून विचारलं तर खरं सांगा आणि कार्ड पुढे करा. सुरक्षा कर्मचारी हँडल ओढायला लागले तर आवाज न चढवता थांबवा आणि स्वतः उघडून दाखवतो म्हणा. नेहमीपेक्षा लवकर पोचा. विमानतळावर उघडलेलं रिझर्व्ह म्हणजे रिगर सापडेपर्यंतचा वेळ वाया.

१०. कटअवे झाला, रिझर्व्हखाली उतरलात, आता काय

सुटलेलं मेन कुठे पडतंय ते पाहून ठेवा, पण त्याच्यामागे कमी उंचीवर जाऊ नका. पलीकडच्या मळ्यात पॅराशूट शोधणं चालतं, पलीकडच्या मळ्यात तुम्हाला शोधणं चालत नाही. दोन्ही हँडलं हातात राहिली तर शर्टात कोंबा, नवी महाग पडतात. मेन सापडलं की लगेच भरू नका, आधी रिगरला दोऱ्या आणि कापड दाखवा. ड्रॉपझोनच्या सुरक्षा अधिकाऱ्याला कितीवर निर्णय घेतला आणि काय दिसलं ते सांगा. लॉगबुकात तेच लिहा, त्याच दिवशी, कारण दोन दिवसांनी गोष्ट रंगते. मग रिझर्व्हची नवी घडी. आणि ज्या रिगरने आधीची घातली होती त्याला एक बाटली न्यायची प्रथा आहे. कोणती आवडते हे मॅनिफेस्टवाल्यांना माहीत असतं.